डोक्याची जखम भरली, पण बोलणं बदललं

मागच्या अंकात मी डोक्याला मार लागल्यावर माणसाच्या बोलण्यात काय काय बदलतं त्याच्यावर थोडं लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की घरात असं कोणी असेल तर कळवा. पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपवरही आली, काहींनी तर लिहायला जमत नाही म्हणून ऑडिओ पाठवले. बहुतेक सगळी बायकांनी पाठवलेली, आणि बहुतेक सगळी नवऱ्याबद्दल, मुलाबद्दल, भावाबद्दल. मार लागलेल्या बाईबद्दल विचारणारी पत्रं फक्त दोन, त्यातलं एक तिचं स्वतःचंच. गंभीर मार लागणाऱ्यांत पुरुष जास्त असतात हे खरंच आहे, बाईक त्यांच्याकडे, झाडावर तेच चढतात, बोटीवर तेच जातात. पण बायका पडतच नाहीत असं थोडंच आहे. मी वीसेक वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गात स्पीच थेरपी करतेय आणि मार लागलेल्या बायका माझ्यापर्यंत का पोचत नाहीत हे मला सारखं टोचत राहतं, म्हणून यावेळी सगळी उत्तरं याच एका विषयावर.

प्रश्न: ताई, माझी आई ५२ वर्षांची आहे, मासे विकते. बाजारात तिची जागा ठरलेली आणि गिऱ्हाईकंही ठरलेली. दीड वर्षापूर्वी भावाच्या मागे स्कूटरवर बसली होती, पदर चाकात गेला आणि ती मागच्या मागे पडली, डोकं मागून आपटलं. गोव्याला नेलं, नऊ दिवस आयसीयूत होती. आता चालते, जेवण करते, हिशोबही बऱ्यापैकी जमतो. पण बोलणं पार बदललं. आधी गोड बोलून गिऱ्हाईक धरून ठेवायची, आता एका बाईंना सरळ तोंडावर म्हणाली, "परवडत नाय तर येतास कित्याक?" कोणी मस्करी केली तर तिला खरं वाटतं, मग रडते नाहीतर भांडते. समोरचा माणूस निघाला तरी हिचं बोलणं थांबत नाही. वासही येत नाही तिला, हे तिने आम्हाला सहा महिन्यांनी सांगितलं. गिऱ्हाईकं तुटली. बाजारातल्या बायका म्हणतात माज आलाय, मामी म्हणते पाळी जायचं वय आहे, असंच होतं. आमच्या वाडीत एका दादाला बाईकवरून पडून असाच मार लागलाय, तो भडकला की सगळे म्हणतात, "जावंदे, तेच्या डोक्याक लागलाहा." माझ्या आईबद्दल असं कोणीच म्हणत नाही. बायकांना काही वेगळं होतं का?
– एक मुलगी, मालवण तालुका

उत्तर: तुझं पत्र मी तीनदा वाचलं. डॉक्टरला सांगाव्यात अशा सगळ्या खुणा तू त्यात लिहिल्या आहेस, फक्त त्या सगळ्या एकाच जागेवरून आल्यात हे तुला कोणी सांगितलेलं नाही.

आई मागे पडली, मार मागे लागला, पण अशा पडण्यात मेंदूची जास्त नासधूस बऱ्याचदा पुढच्या बाजूला होते. मेंदू मऊ असतो, कवटीच्या आत पाण्यात तरंगल्यासारखा असतो, डोकं एकदम थांबलं तरी तो आत हलत राहतो. डोळ्यांच्या वर कवटीचा जो तळ आहे तो आतून खडबडीत आहे, आपल्या कातळासारखा म्हण, त्याच्यावर मेंदूचा पुढचा आणि कानाकडचा भाग घासतो. आणि तिथेच नाकातून वर येणाऱ्या वासाच्या बारीक नसा चाळणीसारख्या हाडातून जातात, त्या हिसक्याने तुटतात. म्हणजे वास गेला ते आणि जिभेचा ब्रेक गेला ते, दोन्ही शेजारी शेजारी झालंय. डिस्चार्जची फाइल काढून बघ, 'फ्रंटल कंट्यूजन' (मेंदूच्या पुढच्या भागाला मुका मार) असे शब्द सापडतात का. सापडले तर ते पान मामीला दाखव. पाळीचा आणि ह्याचा संबंध नाही, बदल अपघातानंतर सुरू झालाय हे तूच लिहिलंयस.

आता बोलण्याचं. आईची भाषा गेलेली नाही. शब्द आहेत, वाक्य नीट आहे, उच्चार नीट आहेत, म्हणून सगळ्यांना वाटतं बोलणं नीट आहे. पण मासे विकणाऱ्या बाईचं बोलणं म्हणजे शब्द किती, दहा-वीस टक्के. बाकी सगळं नजरेचं काम. समोरची खरंच निघाली की भाव पाडायला निघाल्यासारखं करतेय, हिला आज पापलेट परवडणार नाही म्हणून बांगड्याकडे कसं वळवायचं, काल हिच्याशी काय बोलणं झालं होतं, आत्ता गप्प बसायचं की अजून एकदा हाक मारायची, हे सगळं सेकंदात ओळखून त्याप्रमाणे तोंडातून शब्द काढायचा किंवा आत ठेवायचा. हे मेंदूचा पुढचा भाग करतो, आणि मेंदूच्या वेगवेगळ्या भागांना जोडणारे जे लांब धागे असतात ते ताणले तुटले की हे काम मंदावतं. त्याला आम्ही सामाजिक संवादाची अडचण म्हणतो. त्यात मालवणी माणसाचं बोलणं! प्रेमाने 'शिरा पडो' म्हणणारे आपण लोक, अर्धं बोलणं तिरकस. सिडनीच्या संशोधक स्काय मॅकडोनाल्ड यांनी २००३ साली छोट्या छोट्या व्हिडिओंची एक चाचणी आणली, त्यात माणूस खरं बोलतोय, खोटं बोलतोय की टोमणा मारतोय ते ओळखायचं असतं, आणि डोक्याला जबर मार लागलेल्यांची गाडी बऱ्याचदा टोमण्यावरच अडते. शब्दांचा अर्थ कळतो, त्यामागचा सूर कळत नाही. मग मस्करी खरी वाटणारच. तुझी आई हळवी झालेली नाही, तिच्यापर्यंत बोलण्याचा अर्धाच भाग पोचतोय.

आता तुझा खरा प्रश्न, बायकांना वेगळं होतं का. अभ्यास झालेत. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने (रिगॉन, टर्कस्ट्रा, मुटलू आणि डफ) मार लागलेल्या स्त्रिया आणि पुरुष दोघांना चेहरे दाखवून भावना ओळखायला लावल्या, तर त्या बायका मार लागलेल्या पुरुषांपेक्षा सरासरीने जास्त बरोबर निघाल्या. चांगली बातमी वाटते ना? मला सुरुवातीला वाटली होती. पण त्यात दोन गोष्टी लपतात. एक म्हणजे सरासरी ही कोणा एकीची नसते, तुझ्या आईची तर नाहीच. दुसरी जास्त महत्त्वाची, मार लागायच्या आधी ती बाई कुठे होती? वीस वर्षं चेहरे वाचून पोट भरणारी बाई समज शंभरावरून सत्तरावर आली, आणि तिच्या शेजारचा पुरुष आधी साठावर होता तो पन्नासावर आला (हे आकडे नुसते समजायला घेतलेत), तर चाचणीत तीच त्याच्यापुढे दिसणार. पण जास्त गमावलं कोणी?

ही चूक मी स्वतः केलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, मार लागून सात-आठ महिने झालेले. शांत खोली, समोर मी, एकेक प्रश्न, सगळ्याची नीट उत्तरं. माझ्याकडे येणारे बाकी पेशंट जवळजवळ सगळे पुरुष, त्यांच्या मानाने तर ह्या फारच छान बोलत होत्या. मी कागदावर 'संवाद नॉर्मल' लिहून मोकळी झाले. पुढे संक्रांतीला त्यांच्याच घरी हळदीकुंकवाला जायचा योग आला, पंधरा बायका एकाच वेळी बोलतायत, आणि ह्या बाई मधोमध ताट धरून उभ्या, कोणाकडे बघायचं, कोणाला काय विचारायचं, कोण निघालीय, कोणाला वाण द्यायचं राहिलं, काहीच सुधरत नव्हतं, शेवटी आत जाऊन बसल्या. त्यांच्या जाऊबाई म्हणाल्या, हल्ली असंच करते, माणसं नको झालीयत तिला. तो 'नॉर्मल' शब्द मी दुसऱ्या दिवशी बदलला, पण तोपर्यंत त्यांनी वर्षभर बोलणी खाल्ली होती. तेव्हापासून माझ्याकडे पहिला प्रश्न असतो की ही बाई आधी कशी बोलायची, कोणाकोणाशी बोलायची.

आणि तुझ्या वाडीतल्या दादाचं जे तू लिहिलंस ते तर फार खरं आहे. शास्त्रात लिंग आणि लिंगभाव वेगळे धरतात, शरीर कुठलं हे एक आणि समाज त्या शरीराकडून काय मागतो हे दुसरं. पुरुषाने आवाज चढवला तर कारण शोधलं जातं, बाईने चढवला तर स्वभाव. घरातली नाती सांभाळायची, कोणाला काय लागेल कोणाला काय खुपेल हे बघायचं काम आपण बायकांवर सोडलेलं आहे, त्यामुळे तीच इजा बाईला जास्त महागात पडते. मेंदूच्या फोटोत हे दिसत नाही. हा जो संशोधनाचा ढीग आहे तोही जास्त करून पुरुष पेशंटवर उभा आहे, हे त्या क्षेत्रातले लोक स्वतःच लिहितात.

करायचं काय ते सांगते. बाजारातल्या दोन-तीन बायकांना, ज्या तिच्या बाजूच्या आहेत त्यांना, नीट बसवून सांग की हिच्या मेंदूला मार आहे. लाज वाटून घेऊ नको. त्यातली एक शेजारी बसत असेल तर दोघींत एक खूण ठरवा, आई वाहवत गेली की तिने टोपलीवर हात ठेवायचा, बस एवढंच, सगळ्यांसमोर "पुरे आता" नाही म्हणायचं. वासावर आता भरवसा नाही, तर तिला आणि तुला दोघींना डोळ्यांनी माल बघायची सवय लावा, कल्ले लाल आहेत का, डोळा फुगीर आणि चकचकीत आहे का, बोट दाबलं तर मांस परत वर येतं का. घरात गॅसकडे मात्र दुसऱ्या कोणी लक्ष ठेवा, सिलेंडरचा वास तिला येणार नाही. आणि लिलावाच्या गर्दीत तिला सध्या पाठवू नका, भाव बोलायला भाऊ जाऊ दे, आईने फक्त माल निवडावा.

अजून एक, हे मला फार आवडतं म्हणून सांगते. सिडनीलाच लीन टोगर म्हणून संशोधक आहेत, त्यांनी मार लागलेल्या माणसांची संभाषणं तपासली. तर त्या माणसांना समोरचे लोक सारखे तपासत होते, तेच तेच विचारत होते, सुधारत होते. पण त्याच माणसांना जेव्हा शाळेतल्या मुलांना स्वतःच्या अपघाताची माहिती द्यायला बसवलं तेव्हा त्यांचं बोलणं बाकीच्या लोकांच्या बरंच जवळ गेलं. का, तर तिथे माहिती त्यांच्याकडे होती आणि मुलं खरंच ऐकत होती. म्हणून आईला "काल काय जेवलीस सांग बघू" असले परीक्षेचे प्रश्न विचारू नका. नातवंडं असतील, पुतणी असेल, तिला आईजवळ बसवून विचारू दे की मोरी मासा कसा साफ करायचा, सौंदाळे मासे कधी चांगले मिळतात, शिंपल्या ताज्या कशा ओळखायच्या. बघ ती कशी बोलते ते.

(आणि स्कूटरवर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्येच आहे ते. पदर, ओढणी नीट खोचून बसा, माझ्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येक बाईची गोष्ट मागच्या सीटवरून सुरू होते.)

प्रश्न: मॅडम, माझे मिस्टर ३८ वर्षांचे. मागच्या वर्षी आंबे काढताना कलमावरून पडले. आता कामाला जातात पण घरात दोन शब्दांच्या वर बोलत नाहीत. मी समोर बसून रडले तरी टीव्ही बघत राहतात. आधी असे नव्हते, बाजारातून आल्यावर सगळं सांगायचे, माझ्या माहेरचंही विचारायचे. सासूबाई म्हणतात पुरुष असेच असतात, जिवंत परत आला ह्यात समाधान मान. मी कृतघ्न आहे का?
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर: नाही ताई, अजिबात नाही. माणूस जिवंत परत आला त्याचा आनंद आणि पूर्वीचा माणूस परत आला नाही त्याचं दुःख, ही दोन्ही एकाच घरात एकाच वेळी राहतात.

'पुरुष असेच असतात' ह्या वाक्याने पुरुष पेशंटचं फार नुकसान केलंय. वरच्या पत्रात बाईची इजा स्वभावात जमा झाली, इथे तुमच्या मिस्टरांची इजा पुरुषपणात जमा झाली. ते आधी विचारायचे, आता विचारत नाहीत, हा बदल आहे, आणि बदल म्हणजे लक्षण. बहुधा दोन गोष्टी असतील. एक, पुढाकार गेलाय. मनात प्रश्न असतो पण तो उठून तोंडापर्यंत येत नाही, गाडी चालू आहे आणि गिअर पडत नाही तसं. दुसरं, चेहरा वाचणं. मार लागल्यावर हसरा चेहरा त्यातल्या त्यात ओळखू येतो, दुःख, भीती, राग हे ओळखायला जड जातं, आणि मी वर सांगितलेल्या अभ्यासात ही अडचण पुरुषांत जास्त दिसली होती. म्हणजे तुम्ही रडताय हे त्यांना दिसतं, पण त्याचा अर्थ आणि आता आपण काय करायचं हे त्यांच्यापर्यंत वेळेत पोचत नाही. मग ते टीव्हीकडे बघतात कारण तिथे कोणी काही मागत नाही.

म्हणून सूचक वागणं बंद करा. उसासा, भांडी आपटणं, तोंड फिरवणं, हे सगळं पूर्वी त्यांना कळायचं, आता नाही कळणार आणि तुमचा जीव मात्र जाईल. टीव्ही बंद करून, समोर बसून, सरळ वाक्य बोला: "मला आज वाईट वाटतंय, दहा मिनिटं माझ्याजवळ बस." विचित्र वाटतं, माहितीये, आपल्याकडे नवराबायको असं बोलतात कुठे. पण करून बघा. थकल्यावर नको, बागेतून आल्या आल्या नको, मार लागलेल्या मेंदूला दुपारनंतर थकवा फार येतो, तर सकाळच्या चहाला बोला. मोबाईलवर रोज एक रिमाइंडर लावून द्या, 'तिला विचार, आज काय झालं.' काही बायका मला म्हणतात मोबाईलने सांगितलेलं प्रेम काय कामाचं. मी त्यांना म्हणते, कंबर गेलेल्या माणसाने काठी घेतली तर ते चालणं खोटं असतं का?

ऑस्ट्रेलियातल्या ला ट्रोब विद्यापीठाच्या जॅसिंटा डग्लस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली बोलण्यातल्या अडचणींवर ३० प्रश्नांची एक प्रश्नावली केली, ती आम्ही वापरतो. एक कागद पेशंट भरतो, एक त्याच्या जवळचा माणूस. दोघांची उत्तरं जिथे जुळत नाहीत तिथे मी काम सुरू करते. कारण बऱ्याचदा त्या माणसाला आपल्यात काही बदललंय हे खरंच कळत नसतं, तो नाकारत नसतो, कळण्याची जागाच दुखावलेली असते.

एक तपासणी मात्र लगेच करा. गप्प होणं हे डिप्रेशनही असू शकतं, मार लागल्यावर ते बऱ्याच जणांना होतं आणि त्याला औषध आहे. न्यूरोच्या डॉक्टरांना विचारा, आणि तुम्हाला स्वतःलाही कोणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. सासूबाईंना दोष देऊ नका. त्यांनीही कदाचित एका गप्प माणसाबरोबर आयुष्य काढलंय आणि त्यांना कोणी विचारलं नाही.

प्रश्न: स्त्रियांच्या हार्मोनमुळे मेंदूला संरक्षण मिळते असे वाचले. मग तेच हार्मोन औषध म्हणून का देत नाहीत?
– निवृत्त शिक्षक, चिपळूण

उत्तर: सर, दिलं होतं. डोनाल्ड स्टाइन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने उंदरांवर काम करताना बघितलं की मार लागल्यावर माद्यांच्या मेंदूला सूज कमी येते, त्यावरून प्रोजेस्टेरॉन ह्या बायकांच्या हार्मोनवर वर्षानुवर्षं काम झालं. मग माणसांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या, दोन्ही मिळून दोन हजारांवर पेशंट, निकाल २०१४ मध्ये आले, आणि औषध दिलेल्या आणि न दिलेल्या लोकांत फरक पडला नाही. त्यामुळे कोणी प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या मेंदूसाठी म्हणून विकत असेल तर घेऊ नका. हार्मोनचं दुसरं एक मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे, मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी असते, तिला धक्का बसला तर बायकांची पाळी काही महिने बंद किंवा पुढेमागे होऊ शकते, पुरुषांतही थकवा आणि इच्छा कमी होणं दिसतं. रक्त तपासून कळतं. पण बाई लाजेने सांगत नाही आणि पुरुष तर नाहीच नाही.

प्रश्न: मी २१ वर्षांचा. बाईक अपघात, आठ महिने झाले. कट्ट्यावर सगळे एकदम बोलतात, मला समजेपर्यंत विषय बदललेला असतो, मग मी काहीतरी भलतंच बोलतो आणि सगळे हसतात, ट्यूबलाइट म्हणतात. आता जातच नाही.
– रत्नागिरी

उत्तर: अरे, तुझी बुद्धी कमी झालेली नाही, वेग कमी झालाय. चौघं एकदम बोलतात तेव्हा मेंदूला चार दोर एकदम ओढायचे असतात, त्यात हॉटेलातला आवाज, गाणी. जायचं बंद करू नको, जागा आणि माणसं बदल. दोघांबरोबर भाट्याच्या किनाऱ्यावर चालत जा, चालताना एका वेळी एकच जण बोलतो. ग्रुपवरचं घाईत वाचू नको, घरी शांतपणे वाचून मग लिही. आणि दोन मित्रांना खरं सांग. मुलग्यांना हे फार जड जातं, मदत मागितली की कमीपणा येतो असं वाटतं, मुली माझ्याकडे मैत्रिणीला घेऊन येतात आणि मुलगे एकटे येऊन दार लावून घेतात. एक वाक्य पाठ कर: "थांब, मागचं परत सांग, डोक्याला लागल्यापासून मला वेळ लागतो." पहिल्यांदा बोलायला जीभ जड होईल. दारू मात्र बंद, थोडी पण नको, मार लागलेल्या मेंदूला ती लवकर चढते आणि फिट येण्याची भीती असते. बाईकही डॉक्टर सांगतील तेव्हाच.

प्रश्न: घरात ढकलाढकलीत डोकं भिंतीवर आपटलं. तीन वेळा झालं. आता बोलताना शब्द सापडत नाही, कोणी मोठ्याने बोललं की काही कळेनासं होतं. डॉक्टरना पडले म्हणून सांगितलं.
– (नाव, गाव नाही)

उत्तर: ताई, तुमचं वय, गाव, काही मी मुद्दाम छापलेलं नाही. तुम्ही लिहिलंत हे फार मोठं केलंत.

तुम्हाला जे होतंय ते 'टेन्शन' नाही. पुन्हा पुन्हा मार लागला की प्रत्येक वेळी मेंदूला सावरायला वेळ कमी मिळतो, बेशुद्ध पडलं नाही तरी इजा होते, स्कॅन नॉर्मल आला तरीही असू शकते. गळा दाबला गेला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, मेंदूला तेवढा वेळ रक्त मिळालेलं नसतं. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, सारखी झोप, फिट, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, यातलं काही झालं तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा. सुरक्षित वाटत नसेल तर ११२, आणि महिलांसाठी १८१. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, १८१ वरून त्यांच्यापर्यंत पोचता येतं. फोन करताना घरच्यांच्या समोर करू नका, आणि हे पान कोणाच्या हाती लागेल असं वाटलं तर नंबर पाठ करून पान टाकून द्या.

माझ्या कामाचं एक सांगते. मार लागलेल्या बाईला घडलेलं ओळीने सांगता येत नाही, आधीचं नंतर येतं, तारखा चुकतात, चेहरा कोरा राहतो किंवा भलत्या ठिकाणी हसू येतं. ऐकणाऱ्याला वाटतं ही खोटं बोलतेय. म्हणून सांगायला जायच्या आधी शांत वेळी थोडं थोडं लिहून ठेवा, सण, शाळेची परीक्षा, गणपती असं काही धरून दिवस आठवा, आणि ते लिहिलेलं माहेरच्या किंवा विश्वासाच्या माणसाकडे ठेवा, घरात नको. बोलायला जाताना कोणीतरी बरोबर असू दे, सांगा की मला डोक्याला मार आहे, एकेक प्रश्न विचारा. ऑस्ट्रेलियात टोगर यांनी पोलिसांनाच हे शिकवलं होतं, मेंदूला मार लागलेल्या माणसाचा फोन आला तर कसं बोलायचं, आणि शिकवल्यावर ते फोन बरेच सुटसुटीत झाले. आपल्या पोलीस ठाण्यांत आणि दवाखान्यांत असं शिकवावं ही माझी कळकळीची मागणी आहे, ज्या बाईने 'पडले' म्हटलंय तिला एकटीला बाजूला घेऊन परत एकदा विचारायला पाच मिनिटं लागतात.

प्रश्न: आमच्याकडे स्पीच थेरपिस्ट कुठे मिळणार? मुंबईला दर आठवड्याला जाणं शक्य नाही. आणि दाखला मिळतो का?
– एक आई, सावंतवाडी

उत्तर: दर आठवड्याला जायची गरज नाही. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणासाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, नायर हॉस्पिटलला विभाग आहे, तिथे एकदा नीट तपासणी करून घ्या, तुतारी एक्सप्रेसने रात्रीचा प्रवास करून जमतं. पुढचं बरंचसं व्हिडिओ कॉलवर होतं. आणि खरं सांगायचं तर निम्मं काम घरच्यांनीच करायचं असतं. टोगर यांच्या २०१३ च्या अभ्यासात ४४ पेशंट होते, काहींना एकट्याला दहा आठवडे शिकवलं, काहींना घरच्या माणसासोबत, काहींना काहीच नाही. घरचं माणूस ज्यांच्याबरोबर शिकलं त्यांची रोजची बोलणी जास्त सुधारली. म्हणून माझ्याकडे पेशंट एकटा आला की मी विचारते, घरातलं कोण येणार? बायकोला घेऊन नवरा आला तर मला विशेष बरं वाटतं, कारण ते फार कमी वेळा होतं, बाई पेशंट असली की तिची आई येते नाहीतर बहीण.

दाखल्याचं असं आहे की २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात 'डोक्याला मार' असा वेगळा प्रकार नाही. पण मारामुळे जे उरलंय, वाचा आणि भाषा, हातपाय, मानसिक, त्यावर तपासणी होऊन दाखला मिळू शकतो. यूडीआयडीचा (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन भरायचा, तपासणी सिव्हिलला. तिथे मूल दोन मिनिटं छान बोलतं आणि डॉक्टर म्हणतात ह्याला काय झालंय, हे नेहमीचं. म्हणून जायच्या आधी, त्याची परवानगी घेऊन, घरातल्या रोजच्या बोलण्याचा पाच-सात मिनिटांचा व्हिडिओ मोबाईलवर काढा, जेवताना, दोन-तीन माणसं असताना, आणि अपघाताच्या आधीचा एखादा लग्नातला नाहीतर गणपतीतला व्हिडिओ सापडला तर तोही बरोबर ठेवा. डिस्चार्जची फाइल, स्कॅनचा रिपोर्ट आणि हे दोन व्हिडिओ. माझ्याकडे येतानाही हेच घेऊन या.